हिडकल धरणाच्या पाण्यात १५ एचपीची होडी हळू चालवायची तर: ड्रिफ्ट सॉकच्या जोडीचा रिव्ह्यू

माझी होडी १४ फुटी फायबरची, मागं १५ एचपीचं टू स्ट्रोक मशीन. लांबच्या फाट्यात पोचायला, वारा सुटला की पटकन काठ गाठायला हे मशीन झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पण ल्यूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, मागं सोडून हळूहळू ओढत जायचं म्हटलं की हेच मशीन आडवं येतं. गिअर टाकला, थ्रॉटल पूर्ण खाली आणला तरी मोबाईलवरचं जीपीएस ताशी साडेचार-पाच किलोमीटर दाखवतं, मागनं वारा असला तर त्याच्याही वर. आणि मला पाहिजे असतात अडीच ते साडेतीन. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण पाण्याखाली त्या दीड-दोन किलोमीटरमध्येच मासा लागणं न लागणं ठरतं, आणि म्हणून ही ड्रिफ्ट सॉकची, म्हणजे पाण्यात सोडून होडीला मागं ओढून धरणाऱ्या कापडी पिशव्यांची, जोडी ऑनलाइन मागवली. गेला हिवाळा आणि उन्हाळा भरपूर वापरलीय, आता लिहायला हरकत नाही.

आधी होडी हळू का होत नाही ते बघा, म्हणजे पुढचं सोपं जातं. असल्या मशीनचं गिअरमधलं आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता फिरणं, साधारण ९०० आरपीएम धरा. खाली गिअरबॉक्सचा रेशो जवळपास २ ला १, म्हणजे पंखा फिरतो मिनिटाला ४५० वेळा. पंख्याचं पिच ९ इंच, म्हणजे एका फेरीत कागदावर ९ इंच पुढं, मिनिटाला झाले १०३ मीटर, तासाला सहा किलोमीटरच्या थोडं वर. त्यातलं पंचवीस-तीस टक्के पंखा पाण्यात घसरतो त्यात जातं, उरले साडेचार. म्हणजे मशीनमध्ये बिघाड काही नाही, ते त्याच्या हिशोबानं बरोबर चाललंय, त्याला ह्याच्यापेक्षा हळू फिरता येत नाही इतकंच. बरेच जण इथंच कार्ब्युरेटरशी खेळत बसतात.

आता हळू का पाहिजे. जिभेचं खोल जाणारं क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचा ल्यूर घ्या, ते एका ठराविक वेगाच्या पट्ट्यातच नीट हलतं, रॉडचं टोक एकसारखं थरथरतं तेव्हा समजायचं बरोबर चाललंय. वेग वाढला की ते आडवं पडून वर येतं, स्पून, म्हणजे चमच्यासारखा पत्र्याचा ल्यूर असला तर डुलायचा सोडून गरागरा फिरायला लागतो आणि पंधरा मिनिटांत दोऱ्याला पीळ. मेलेला बारका मासा गळाला लावून ओढत असाल तर अडीचच्या वर तो फाटून जातो. शिवडा मासा खोल पाण्यात असतो, डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी गार असतं तेव्हा तो पाठलाग करत नाही, त्याच्या तोंडासमोरनं सावकाश गेलं तर घेतो. खडस (महसीर) जास्त वेगातही घेते, पण ती नदीच्या वरच्या अंगाला, वाहत्या पाण्याकडं, आणि लागली तरी मी परत सोडतो. मरळीसाठी हा खटाटोप करू नका, ती कडेच्या गवतात दगडात बसते, तिला ल्यूर फेकून ओढायचं कास्टिंगच बरं. कटला-रोहू तर पेंडीच्या गोळ्याला येणारी माणसं, त्यांना ल्यूर ओढून काय उपयोग नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागं ल्यूर ओढणं, पहिल्यांदा बघितलेलं असतं मालवण-वेंगुर्ल्याला नाहीतर गोव्यात, सुरमईच्या मागं. तिथं होडी चार ते सहा नॉटनं चालते, म्हणजे ताशी साडेसात ते अकरा किलोमीटर, तिथं वेग कमी करायचा प्रश्नच नाही, उलट थोडं थ्रॉटल द्यावं लागतं. त्यामुळं किनाऱ्यावरच्या तांडेलाचा सल्ला त्याच्या पाण्यात सोळा आणे खरा पण हिडकलात जसाच्या तसा चालत नाही.

सॉकवर यायच्या आधी बाकीच्या उपायांचं सांगतो, कारण घ्यायचं की नाही हे त्याच्यावरच ठरतं.

आयडलचा स्क्रू फिरवून आरपीएम खाली आणणं, हे सगळ्यात आधी सुचतं आणि हेच सगळ्यात वाईट. टू स्ट्रोक फार खाली फिरवलं की आत जळण नीट होत नाही, ऑइल साठतं, प्लग काळा ओला होतो, आणि नेमकं वळवाचं आभाळ भरून आलं की मशीन दोरी ओढून ओढून सुरू होत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी हिडकलात वारा कसा उठतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको, मिनिटांत सपाट पाण्यावर लाटा उभ्या राहतात. अशा वेळी मशीन एका ओढीत सुरू झालंच पाहिजे.

गिअरमध्ये टाक, न्यूट्रल कर, परत टाक, असं करत जाणं. सरासरी वेग कमी होतो खरा, आणि ल्यूर खाली बसून परत उठतो त्याला कधी कधी मासा येतोही. पण सकाळभर असं केलं की हात दुखतो आणि गिअरमधल्या डॉगच्या, म्हणजे अडकणाऱ्या दात्यांच्या, कडा झिजतात, ते काम मग स्वस्तात होत नाही. अधनंमधनं ठीक.

उलटं चालवणं, म्हणजे रिव्हर्समध्ये टाकून मागच्या बाजूनं जाणं. टिलरच्या, म्हणजे दांडा हातात धरून वळवायच्या मशीनला हे छान जमतं, मागची सपाट फळी पाणी अडवते त्यामुळं आपोआप हळू, आणि कंट्रोल एकदम बारीक. शांत पाण्यात एखाद्या बुडक्या झाडाभोवती फिरायचं असेल तर मी अजूनही हेच करतो. पण जरा लाट आली की पाणी फळीवरनं सरळ आत.

ट्रोलिंग प्लेट. हे आपल्या बेळगावकरांना पटकन पटणारं, कारण उद्यमबागेच्या कारखान्यांत गेलं की ॲल्युमिनियमची प्लेट कापून, बिजागरी स्प्रिंग बसवून एका दिवसात मिळते. मशीनच्या पंख्याच्या वरच्या अंगाला जी आडवी पट्टी असते तिला ही प्लेट बोल्टनं लावायची, खाली सोडली की पंख्याच्या मागं उभी राहते, पाण्याचा झोत तिच्यावर आपटून पसरतो, जोर कमी होतो. मी करून घेतली, काम पक्कं झालं, वेग तीनच्या आसपास आला. पण स्टिअरिंग एकदम मठ्ठ होतं, कारण होडी वळते ती त्या झोतावरच आणि झोतच मोडला तर वळणार कशी. आडव्या वाऱ्यात तोंड धरून ठेवता येत नाही. रिव्हर्सही जवळपास गेलं. शिवाय प्लेट वर करायची राहिली आणि थ्रॉटल दिला तर सगळा जोर त्या बिजागरीवर आणि मशीनच्या पट्टीवर, पट्टी तुटली तर मशीनच्या केसिंगलाच जखम. स्प्रिंगवाली असली तर जोर वाढल्यावर आपोआप उचलते, करायचीच असेल तर तसलीच करा, साधी फिक्स प्लेट नको. मोठ्या होडीला, मोठ्या मशीनला प्लेट बरी असेल, १४ फुटी हलक्या होडीला नाही.

पंखा बदलणं. ९ च्या जागी ७ इंच पिचचा टाकला तर वरच्याच हिशोबानं तासाला साडेचारच्या जागी साडेतीनवर येतं. उपाय चांगला आहे, पण मग फुल थ्रॉटलला मशीन हद्दीबाहेर फिरतं, जाता-येता वेग जातो, पेट्रोल जातं. फक्त ट्रोलिंगच करणाऱ्यानं करावं.

इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर सगळ्यात उत्तम, ह्यात वादच नाही. आवाज नाही, वेग पाहिजे तेवढा. पण ५५ पौंड थ्रस्टची मोटर फुलवर ५० अँपिअर खाते, १०० एएचची लेड बॅटरी पाहिजे, ती पंचवीस-तीस किलोची, आणि अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. मोटर, बॅटरी, चार्जर धरून जो आकडा होतो त्यात जुनं मशीन येतं. ज्यांना परवडतं त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. नव्या मोठ्या फोर स्ट्रोक मशीनमध्ये बटन दाबून ५० आरपीएमच्या टप्प्यानं आयडल खालीवर करायची सोय येते, तीही छान, पण ती आपल्या १५ एचपीच्या दुनियेतली गोष्ट नाही.

मग राहिली बादली आणि सॉक. रंगाची २० लिटरची रिकामी बादली दोराला बांधून ओढायची हा जुना उपाय, फुकटात होतो, करून बघायला हरकत नाही. फक्त दोर कडीला बांधू नका, कडी निसटते, बादलीच्या काठाखाली चार भोकं पाडून तिथनं दोर घ्या आणि बुडाला दोन-तीन भोकं ठेवा, नाहीतर बादली उड्या मारते. पण बादलीचं तोंड फूटभराचं, त्यानं ओढ पडते जेमतेम चार किलोची. चालण्याच्या वेगात ६० सेंटिमीटर तोंडाचा सॉक ढोबळ हिशोबानं पंधरा किलोच्या आसपास ओढतो. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, साधं गणित.

आता माल. सॉक म्हणजे नायलॉनच्या कापडाची शंकूसारखी पिशवी, पुढचं तोंड मोठं, मागं मुठीएवढं भोक, तोंडाला चार पट्टे एका कडीत येतात. पाणी मोठ्या तोंडानं शिरतं, बारक्या भोकानं निघायला वेळ लागतो, तेवढी होडीला मागं ओढ. मी २४ इंची दोन मागवले. एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहानच घ्या, एकच सॉक एका बाजूला बांधला की होडी सतत त्या बाजूला वळते आणि टिलर दाबून धरून खांदा भरून येतो. दोन्ही मिळून कुरिअरसकट साडेतीन हजाराच्या आत बसले.

पार्सल उघडलं तेव्हा कापड बघून बरं वाटलं. नारंगी रंग, हाताला जाडसर, आतनं पातळ कोटिंग, उजेडापुढं धरलं तर विणीत फट दिसत नाही. तोंडाच्या खालच्या बाजूला शिशाचं वजन शिवलेलं, वरच्या बाजूला फोमची पट्टी, त्यामुळं पाण्यात टाकल्या टाकल्या तोंड आपोआप उघडतं, हात घालून फुगवायला लागत नाही. ही गोष्ट फोटोत दिसत नाही पण सगळ्यात महत्त्वाची आहे, घेताना विचारून घ्या. नुसत्या कापडाचे सॉक स्वस्त मिळतात, ते हळू वेगात ओल्या फडक्यासारखे गुंडाळून मागं येतात.

बाकी सामान मात्र कमी प्रतीचं. कडी लोखंडाची, वर नुसतं पॉलिश, पावसाळ्यात न वापरताच गंजली. सोबत आलेला दोर पॉलीप्रॉपिलिनचा, बारीक, पाण्यावर तरंगणारा, आणि तरंगणारा ढिला दोर पंख्याच्या आसपास नको म्हणजे नको. फिरकी कडी दिलेलीच नाही, सॉक पाण्यात हळूहळू फिरतो त्यामुळं दोराला पीळ बसतो. मी रविवार पेठेतनं १० एमएमचा नायलॉन दोर, स्टीलच्या कड्या आणि दोन फिरकी घेतल्या. नायलॉन ताणतो त्यामुळं लाटेचा हिसका होडीच्या क्लीटवर, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीवर, येत नाही.

आणि शिलाई. पट्टा जिथं तोंडाला जोडलाय तिथं एकेरी टीप. हे बघून मी पाण्यात टाकायच्या आधीच सॉक घेऊन ताडपत्री शिवणाऱ्याकडं गेलो. बेळगावच्या पावसामुळं आपल्याकडं ताडपत्रीचे कारागीर हुशार आहेत, ट्रकच्या ताडपत्र्या, बुरखे, बॅगांचे पट्टे सगळं करतात. त्या माणसानं सॉक उलटा केला, सुलटा केला, पट्ट्यात बोट घालून ओढून बघितलं आणि एकच विचारलं, "अण्णा, जोर पुढनं येतो का मागनं?" मी म्हटलं पुढनं, पाणी ढकलतं. मग तो म्हणाला, "तर मग कापडावर जोर ठेवायचा नाही, पट्टाच मागपर्यंत न्यायचा." आणि त्यानं चारही पट्टे तोंडापासनं शेपटाच्या भोकापर्यंत कापडाच्या बाहेरनं लांब शिवले, दोन टोकांना चौकोन आणि मधी फुली अशी टीप मारली, दोरा जाड नायलॉनचा. आता सगळी ओढ पट्ट्यांवर जाते, कापड फक्त पाणी धरतं. एवढं कंपनीनं आधीच करायला पाहिजे होतं. दोर, कड्या, शिलाई मिळून सहाशेच्या आसपास गेले आणि ते गेले ते बरंच झालं.

बांधायची पद्धत नीट वाचा, कारण इथंच लोक गोंधळतात. मागच्या फळीला अजिबात बांधायचं नाही. मागं बांधलं तर होडीचं बूड खाली ओढलं जातं, मागनं आलेली लाट आत येते आणि सॉक पंख्याच्या तोंडाशीच. माझ्या होडीत पुढच्या टोकापासनं साडेचार फुटांवर दोन्ही बाजूला क्लीट आहेत, तिथं बांधतो. तिथनं पंख्यापर्यंत साधारण साडेदहा फूट. सॉक तीन फूट, पुढचे पट्टे दोन फूट, दोर तीन फूट, झाले आठ. म्हणजे सॉक ताणून पूर्ण मागं गेला तरी पंख्याला शिवू शकत नाही. हे माप काठावर जमिनीवर सॉक पसरून बघून घ्यायचं, पाण्यात गेल्यावर अंदाजानं नाही. शेपटाला दुसरा पातळ दोर बांधायचा, तो होडीत आपल्या हाताशी. तो ओढला की सॉक उलटा होतो, पाणी सांडतं आणि एका हातानं वर येतो. हा दोर न लावता भरलेला सॉक वर ओढायला गेलात तर दोन माणसं पाहिजेत.

आणि सॉक पाण्यात असताना थ्रॉटल द्यायचा नाही. ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, वेग दुप्पट तर ओढ चौपट. चालण्याच्या वेगात एकाला पंधरा किलो म्हणजे त्याच्या दुप्पट वेगात साठ, आणि ताशी पंधरा किलोमीटरला गेलात तर एकेका क्लीटवर दोनशे किलोच्या आसपास. फायबरच्या होडीचा क्लीट खाली प्लेट न लावता नुसत्या स्क्रूवर असेल तर उपटून येईल. क्लीटच्या आतल्या बाजूला स्टीलची पट्टी देऊन बोल्ट मारून घ्या.

आता निकाल. एक सॉक सोडला की आयडलवर वेग तीनच्या आसपास येतो, दोन सोडले की दोनच्या थोडा वर. पण माझ्या मते ह्या मालाची खरी किंमत वेगळीच आहे. दोन्ही सॉक सोडून मी थ्रॉटल थोडा वर घेतो, अंदाजे १२०० आरपीएमपर्यंत, आणि होडी चालते पावणेतीन-तीननं. म्हणजे होडी पाहिजे तेवढी हळू आणि मशीन मात्र त्याला सोसतं त्या चालीत. आवाज एकसारखा, धूर कमी, मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात, प्लग काढून बघितला तर तपकिरी. मशीनचा गळा दाबून होडी हळू करायची नाही, मशीनला मोकळं चालू द्यायचं आणि होडीलाच मागनं धरायचं, हे एकदा पटलं की बाकीच्या उपायांकडं बघावंसं वाटत नाही. तरी टू स्ट्रोक आहे, अर्ध्या-पाऊण तासानं सॉक वर घेऊन दोन-तीन मिनिटं अर्ध्या थ्रॉटलला पळवायचं, आत साठलेलं जळून जातं. ऑइल मात्र कंपनीनं सांगितलंय तेवढंच, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, हळू चालवायचंय म्हणून जास्त टाकू नका.

वाऱ्यात तर फरक एकदम जाणवतो. आडव्या वाऱ्यात १४ फुटी होडीचं तोंड पानासारखं उडतं, सॉक पुढच्या भागात असल्यामुळं तोंड धरून राहतं. वाऱ्याच्या दिशेनं जाताना दोन्ही, वाऱ्याच्या तोंडाला जाताना एकच किंवा एकही नाही. मागच्या वाऱ्यात आधी लाटेवर होडी घसरायची आणि ल्यूर झटक्यानं पुढं जायचे, ते बंद झालं.

वळताना मोठं वळण घ्या. आतल्या बाजूचा सॉक ढिला पडतो, बाहेरचा जास्त ओढतो, त्यामुळं होडी वळायला तयार नसते, जोरात टिलर दाबला तर आतला सॉक होडीखाली यायला बघतो. मोठ्या इंग्रजी एससारखं जायचं. ह्याचा एक फायदा पण आहे, वळणात आतल्या बाजूचा ल्यूर हळू होऊन खाली बसतो आणि बाहेरचा वेगानं पळतो. आतल्याला मासा आला तर समजायचं आज अजून हळू पाहिजे, बाहेरच्याला आला तर वेग वाढवा. ही गोष्ट सरळ रेषेत जाऊन कधीच समजत नाही.

मासा लागल्यावरचं आधी ठरवून ठेवा. होडीत दोघं पाहिजेत. एकजण रॉड धरतो, दुसऱ्यानं न्यूट्रल करून ज्या बाजूला मासा खेळतोय त्या बाजूचा सॉक शेपटाच्या दोरानं लगेच वर घ्यायचा. दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला तर होडी वाऱ्यानं माशावर चढत नाही, हे सोयीचं पडतं. दोन्ही पाण्यात ठेवून मोठा शिवडा होडीजवळ आणला तर तो सॉकच्या दोराला एक वेढा मारतोच. एकटं जाणाऱ्यांना म्हणूनच मी एक सॉक आणि हलका वेग एवढंच सुचवीन.

तोटे पण आहेत. ओला सॉक जड होतो, दोन्ही होडीत घेतले की पायाशी पाणीच पाणी. मे महिन्यात धरण उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, सॉक दोन-तीन फूट खाली चालतो आणि खुंटाला अडकला तर होडी जागेवर फिरते, अशा फाट्यात सॉक नकोच, तिथं उलटं चालवणं बरं. जलपर्णीचा पट्टा लागला की सॉक भरून येतो. आणि जाळी. हिडकलात मासेमारी करणाऱ्यांची जाळी लावलेली असतात, थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात तिथं जाळं समजायचं आणि लांबनं जायचं. ती लोकं पुट्टीत, म्हणजे गोल टोपलीसारख्या होडीत, बसून पहाटेपासनं राबतात, आपल्या हौसेपायी त्यांच्या जाळ्याचं नुकसान व्हायला नको. एका म्हाताऱ्या मामांनी आमचं मशीन बघून लांबनंच हात करून सांगितलं, "निधानक होगरी!" म्हणजे सावकाश जा, आणि त्यांनीच मग कुठल्या अंगाला जाळं नाही ते दाखवलं. विचारलं की सांगतात, कन्नड येत नसलं तरी मराठी समजणारे भरपूर आहेत तिकडं.

वापर झाला की गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा, उन्हात टाकला तर आतलं कोटिंग सुटतं. ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात वास मारतो. माझ्या जोडीच्या एका सॉकला खुंटावर घासून हातभर चीर गेली होती, त्याच ताडपत्रीवाल्यानं ठिगळ मारून दिलं, वेगात काही फरक पडला नाही.

एकूण मालाला पाचपैकी चार. कापड, शिसं, फोम ह्याला पैकीच्या पैकी, एक गुण कडी, दोर आणि शिलाईचा कापला. वरचा खर्च करायची तयारी असेल तर डोळे झाकून घ्या, आहे तसा वापरायचा असेल तर नको, पट्टा सुटेल.

मापाचं सांगायचं तर १० ते १२ फुटी हलक्या होडीला आणि रबरी होडीला १८ इंची दोन भरपूर झाले, रबरीला क्लीट नसतात तर बाजूच्या कडीला बांधण्याआधी ती कडी नुसती चिकटवलेली आहे का ते बघा. १४ ते १६ फुटीला २४ इंची. त्याच्या वर ३० इंची. सौंदत्तीकडं नविलतीर्थ धरणाच्या उघड्या पाण्यात जाणार असाल तर माप एक नंबर वरचं घ्या, तिथं वाऱ्याला अडवायला काही नाही. मशीन घेऊन कुठल्याही धरणात उतरायच्या आधी पाटबंधारे आणि मत्स्य खात्याकडं परवानगीचं विचारून घ्या, आणि राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं मशीन न्यायचंच नाही. लाइफ जॅकेट दोघांनी अंगात घालून, होडीत ठेवून नाही. आणि सॉकच्या दोराजवळ एक धारदार सुरी क्लीटलाच बांधून ठेवा, दोर काढायला वेळ नसेल तेव्हा सरळ कापायचा, सॉक परत शिवून मिळतो.